तोंडाने "माफ केलं" म्हणालो, पण पोटात अजून कालवतंय, मग माझं तारण झालंय की नाही?

प्रश्न मोठा होता, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील गेल्यावर मोठ्या भावाने आईची सही घेऊन घर एकट्याच्या नावावर करून घेतलं. तीन वर्षं दोघांत बोलणं नाही. मग भाऊ एका शिबिराला जाऊन आला, तिथे खूप रडला म्हणे, आणि परत आल्यावर धाकट्याला म्हणाला, "प्रभूने मला माफ केलंय, आता तूही कर." सगळे बघत होते, धाकट्याने "माफ केलं" म्हटलं, मिठी पण मारली. घर मात्र अजून भावाच्याच नावावर आहे. आणि आता दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत "जशी आम्ही आमच्या ऋण्यांस ऋणे सोडली" ही ओळ आली की याचा आवाजच फुटत नाही. त्यात बायबलमधलं मत्तय ६:१५ वाचलं, की तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. तेव्हापासून झोप उडालीय. हे धाकटे बंधूच मला विचारतायत, "मी खोटा ख्रिस्ती आहे का? माझं तारण गेलं का?"

आधी उत्तर देतो, कारण तुम्ही रात्री जागे राहून हे वाचत असाल. नाही, तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, गेलेलं नाही. आता का ते सांगतो, आणि जरा वेळ लागेल, कारण तुमच्या एका प्रश्नात मला चार वेगवेगळे प्रश्न दिसतायत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळेच तुमचा जीव गुदमरतोय असं मला वाटतं.

मी २७ वर्षं चर्चचा पाळक म्हणून सेवा करतोय आणि या काळात माझ्यासमोर बसून जितकी माणसं रडली त्यातली निम्म्याहून जास्त याच एका गोष्टीवरून, की क्षमा करायची आहे पण होत नाहीये. परक्याने केलेलं माणूस विसरतो हो, भावाने, बायकोने, मंडळीतल्या माणसाने केलेलं विसरत नाही.

तर पहिलं म्हणजे ते वचन. मत्तय ६:१५ कडक आहे, मी ते पातळ करून सांगणार नाही. येशूने ते तसंच म्हटलंय. पण त्याच मत्तयात १८ व्या अध्यायात येशूने स्वतःच त्याचा अर्थ गोष्टीतून उलगडून दिलाय. त्याचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो सातांच्या सत्तर पट. हा आकडा हवेतून आलेला नाही बरं का. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. येशूचे शब्द त्या जुन्या बढाईचीच आठवण करून देतात, फक्त तिथे सूड होता तिथे त्याने क्षमा ठेवली. म्हणजे आपल्या रक्तात जी मोजदाद आहे ना, एकाला दहा परत करायची, ती त्याला चांगली माहीत होती.

मग तो गोष्ट सांगतो. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा, सहा कोटी दिवसांची मजुरी, म्हणजे एकही सुट्टी न घेता १,६४,००० वर्षं. आणि तो माणूस गुडघे टेकून काय म्हणतो? "थोडा धीर धरा, सगळं फेडीन." कसलं फेडतो! राजाला पण माहितेय हे फिटणारं नाही, म्हणून तो मुदत वाढवून देत बसत नाही, सगळंच सोडून देतो. तो बाहेर पडतो आणि त्याला भेटतो सोबतचा चाकर, ज्याच्याकडे याचे शंभर दीनार येणे आहेत. तर याचा गळा धरतो. तोही जवळजवळ तेच वाक्य म्हणतो, धीर धरा, फेडीन. आणि हा त्याला तुरुंगात टाकतो. राजाला हे कळतं तेव्हा तो यालाच शिक्षा देतो.

यात लोक एक गोष्ट नेहमी विसरतात. शंभर दीनार म्हणजे काही चिल्लर नाहीये. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे ती. येशू असं म्हणत नाही की तुझं काही नुकसानच झालं नाही, उगाच रडतोस. नुकसान खरं आहे, मोजता येतं, दुखतं. तुमच्या भावाने जे केलं ते खरंच वाईट केलं. हे मी आधीच म्हणून ठेवतो कारण मला वाटतं तुम्हाला हे अजून मंडळीतल्या कोणी म्हटलेलंच नाही, सगळ्यांनी थेट "माफ कर" वरच उडी मारली.

दुसरं असं की या गोष्टीत क्रम बघा. राजाने आधी सोडलं, मग चाकराची परीक्षा झाली. चाकराने आधी दुसऱ्याला माफ केलं म्हणून राजाने बक्षीस दिलं असं नाहीये. म्हणजे क्षमा करणं ही तारणाची किंमत नाही. इफिस २:८-९ आपण सगळे लहानपणापासून पाठ म्हणतो, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे तुमच्याकडून नाही, देवाचं दान आहे, कर्मांनी नाही. आणि मग मोठेपणी आपण क्षमेचंच एक कर्म करून टाकतो, की हे जमलं तर स्वर्ग नाहीतर नरक. तसं असतं तर तुमचं तारण तुमच्या पोटातल्या कालवण्यावर अवलंबून राहिलं असतं, आणि वधस्तंभ काय शोभेला होता का?

मग शिक्षा कोणाला झाली त्या गोष्टीत? ज्याने गळा धरला त्याला. ज्याला क्षमा करायचीच नव्हती, ज्याला राजदरबारातून बाहेर आल्यावर आपल्याला काय मिळालंय याची जाणीवच नव्हती. तुम्ही तो माणूस आहात का? तुम्ही तर त्या ओळीपाशी अडखळताय, रात्री जागताय, विचारताय. ज्याला पर्वा नाही त्याचा आवाज कधीच अडत नाही, तो सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणतो आणि बाहेर पडून केस लढवतो. मला तुमचं अडखळणंच आशेचं लक्षण वाटतं, आणि हे धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये.

आता क्षमा म्हणजे काय यावर येतो, कारण इथे सगळा घोळ आहे. नव्या करारात क्षमेसाठी सगळ्यात जास्त येणारं जे ग्रीक क्रियापद आहे, आफिएमी, त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे. मार्कच्या पहिल्याच अध्यायातल्या दोन जागा बघा, दोन्ही ठिकाणी क्षमेचा संबंधच नाही. शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथे तेच क्रियापद. आणि शिमोनाच्या सासूला ताप आलेला असतो, येशू तिचा हात धरून उठवतो आणि ताप तिला सोडतो, तिथेही तेच. आपल्या मराठी प्रार्थनेत पण बघा, "ऋणे सोड" असंच आहे. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. हातातली जाळी सोडतो तसं सोडायचं, आणि अंगातला ताप सोडून जातो तसं ते जायचं. पहिलं आपल्या हातात आहे. दुसरं नाही. ताप उतरायला वेळ लागतो आणि तो उतरवणारा वेगळा आहे.

तुम्ही जाळी सोडलीय की नाही हे बघा, ताप अजून आहे म्हणून घाबरू नका.

सोडणं म्हणजे वसुली सोडणं. मी त्याला बोलून बोलून मारणार नाही, त्याच्या मुलांसमोर त्याचं नाव काढणार नाही, त्याचं वाईट झालं की मनात लाडू फोडणार नाही, हे निर्णय आहेत आणि निर्णय पोटात कालवत असतानाही घेता येतात. रोमकरांस १२ मध्ये प्रेषित पौल म्हणतो सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. म्हणजे फाईल बंद झाली असं तो म्हणत नाही, फाईल वरच्या कोर्टात दिली असं म्हणतो.

पण सोडायच्या आधी काय सोडतोय ते माहीत पाहिजे ना. मी लोकांना सांगतो की एक वही घ्या आणि लिहा. काय काय घेतलं त्याने माझं. एकाने माझ्या खोलीत बसून साडेचार पानं लिहिली होती, त्याचाही भावाशीच वाद होता, पैशांचा. मला वाटलं पहिल्या पानावर रक्कम असेल. होती, पण एका ओळीत. मग त्याने लिहिलं होतं की बाबांचं हातातलं घड्याळ, चामड्याच्या पट्ट्याचं, बाबा पट्टा नेहमी एक भोक जास्त घट्ट लावायचे त्यामुळे ते भोक लांबट झालं होतं, ते घड्याळ भावाने मला न विचारता आपल्या मुलाला देऊन टाकलं. तिथे शाई पसरली होती. पैशाचं त्याने त्याआधीच दोनदा माफ केलं होतं, घड्याळाचं कधी कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते माफ करायचं राहिलं होतं. अशा गोष्टी असतात. "सगळं माफ केलं" असं घाऊक म्हटलं की त्या खाली दबून राहतात आणि मग रविवारी घशात येतात. त्या दिवशी आम्ही एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीनंतर तो म्हणायचा, प्रभू, हे मी त्याच्याकडून वसूल करणार नाही. घड्याळाच्या ओळीला पंधरा-वीस मिनिटं लागली. मी घाई केली नाही. तुम्हीही करू नका, आणि वही कोणाला दाखवू नका, बायकोलाही नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगतो म्हणून मला आपोआप जमतं असं समजू नका. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या बैठकीत एका वडिलधाऱ्या सभासदाने उठून सांगितलं की बांधकाम निधीतले पैसे पाळकांनी वापरले. हिशोब तपासला, सगळा जुळला, समितीने तसं लिहून दिलं. तो माणूस माझ्याकडे कधी आला नाही, सॉरी म्हणाला नाही, दर रविवारी तिसऱ्या रांगेत बसत राहिला. दीड वर्षं मी व्यासपीठावरून प्रेमाबद्दल बोलायचो आणि माझी नजर दुसऱ्या रांगेवरून थेट चौथीवर जायची. एका प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, प्याल्यांचा ट्रे घेऊन मीच त्या बाजूला गेलो, मदतनीस आजारी होता. तिसऱ्या रांगेपाशी आलो तसे ते छोटे प्याले एकमेकांवर किणकिणायला लागले, हात थरथरत होता माझा. त्याने प्याला उचलला तेव्हा मला त्याच्या शर्टाची बाही दिसली. बटण तुटलेलं, आणि बाही टाचणीने लावलेली. अतिशय टापटीप माणूस होता तो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की याची बायको जाऊन आठ महिने झाले, आणि मी तिचा दफनविधी उरकून एकदाही याच्या घरी गेलेलो नाही. पाळक असून. त्याने माझं नाव खराब केलं ते माझ्या वहीत होतं, पण हे कुठल्या वहीत होतं? मी पुढच्या आठवड्यात गेलो त्याच्याकडे. निधीचा विषय निघाला नाही, त्याने माफी मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही. तासभर बायकोबद्दल बोलत होता. त्या दिवसानंतर मी तिसऱ्या रांगेकडे बघून बोलू शकतो, एवढंच सांगतो, यापेक्षा जास्त काही झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

तुमच्या बाबतीत भावाचंही असं काहीतरी दुसऱ्या बाजूचं असेलच असं मी म्हणत नाहीये. काही वेळा नसतं. पण आपल्याला स्वतःला किती सोडलं गेलंय हे आठवल्याशिवाय दुसऱ्याचं सोडायचं बळ येत नाही, निदान मला तरी आलं नाही. कलस्सैकरांस ३:१३ तेच म्हणतं, प्रभूने तुम्हाला क्षमा केली तशी तुम्हीही करा. बळ "तशी" या शब्दातून येतं.

आता घराचं. इथे मला माहितेय की बरेच पाळक "जाऊ द्या, या जगातलं घर काय करायचंय" असं म्हणतात. मी म्हणत नाही. तुमचा भाऊ म्हणतो "प्रभूने मला माफ केलंय". जक्कयाची गोष्ट त्याला माहीत असणारच, लूक १९. जकातदारांचा मुख्य, लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जातो. जक्कय रडला असं लूक लिहीत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, अर्धं धन गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत. आणि त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. परत करून त्याने तारण विकत घेतलं नाही, तारण आलं म्हणून हात उघडले. मोशेच्या नियमशास्त्रातही हे आहे, गणना ५:७, पाप कबूल करायचं, घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. पश्चात्ताप झालाय आणि घर मात्र माझ्याच नावावर राहू दे, हे अर्धवट आहे. शिबिरातले अश्रू खरेही असतील, मी त्यावर शंका घेत नाही, पण ते अजून कागदापर्यंत पोचलेले नाहीत.

म्हणून क्षमा केली म्हणजे हक्काचं मागायचं नाही असा अर्थ होत नाही. लूक १७:३ मध्ये येशू म्हणतो, तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखव हे पण आज्ञेतच आहे, ते आपण गाळतो. मात्र दुसरी बाजूही सांगतो कारण ती पण बायबलमध्ये आहे आणि ती मला स्वतःला टोचते. लूक १२ मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला अगदी तुमचाच प्रश्न घेऊन येतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वडिलार्जित मालमत्तेत मला वाटा दे. येशू म्हणतो मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि पुढे म्हणतो लोभापासून सांभाळा. तो माणूस खोटं बोलत होता असं नाही, त्याचा हक्क असेलही. पण हक्काच्या मागे आणखी काय बसलंय ते येशूला दिसलं. पौल पण करिंथकरांस पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, भाऊ भावाला कोर्टात खेचतो यावर रागावलाय, म्हणतो तुमच्यात न्याय करायला एकही शहाणा माणूस नाही का, आणि त्यापेक्षा अन्याय का सहन करून घेत नाही असंही विचारतो.

मग करायचं काय? मी लोकांना एक प्रश्न विचारतो. समजा उद्या सकाळी तुमचा वाटा तुमच्या नावावर झाला, सगळं शांतपणे, कोणाला न कळता. तुम्हाला बरं वाटेल का? की त्याने चारचौघांत मान खाली घातली पाहिजे हे पण हवंय? पहिलं उत्तर असेल तर मागा, निर्धास्त मागा, तो न्याय आहे. दुसरं असेल तर अजून वसुली चालू आहे, थोडे दिवस थांबा. आणि मागताना आधी दोघांनाही मान्य असा एखादा समंजस माणूस मधे घ्या, पौल म्हणतो तसा. नात्यातला नको, नात्यातले लोक आधीच बाजू घेऊन बसलेले असतात. कागदपत्रं एखाद्या वकिलाला दाखवून घेणं म्हणजे भांडण काढणं नव्हे, कुठे उभे आहोत ते कळतं. आणि सगळं करून झाल्यावर तुम्हीच मोकळ्या मनाने ठरवलंत की सोडून द्यायचं, तर ती मोठी गोष्ट आहे. पण ते तुम्ही ठरवायचं, ज्याने घेतलं त्याने "आता तू सोड, तू विश्वासणारा आहेस ना" असं सांगायचं नसतं.

विश्वास ठेवायचा का परत त्याच्यावर, हेही वेगळं आहे. क्षमा एकटा माणूस करू शकतो, समेटाला दोघं लागतात, आणि भरवसा हळूहळू बांधावा लागतो. योसेफाचं बघा, सतरा वर्षांचा होता, भावांनी वीस चांदीच्या नाण्यांना विकला. कितीतरी वर्षांनी ते धान्यासाठी समोर आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. ओळखच दिली नाही. शिमोन नावाच्या भावाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत आपला पेला लपवून चोरीचा आळ आणला, आणि यहूदा पुढे येऊन म्हणाला की या पोराऐवजी मला गुलाम करा, तेव्हाच तो हुंदके देऊन रडला. पूर्वी भावाला विकायची कल्पना काढणारा यहूदाच होता, तो बदललाय हे त्याने आधी पाहिलं. पौलही शेवटच्या पत्रात, २ तीमथ्य ४ मध्ये, आलेक्सांद्र तांबटाबद्दल लिहितो की त्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याला फेडील, तूही त्याच्यापासून जपून राहा. आणि दोनच ओळींनंतर ज्यांनी त्याला एकटं टाकलं त्यांच्याबद्दल म्हणतो, हे त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये. जपून राहणं आणि न मोजणं, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच पत्रात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, नवरा मारायचा. मी त्यांना सत्तर पट क्षमेचं वचन दाखवून, प्रार्थना करून, घरी परत पाठवलं. चुकलं माझं. त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्यांनी मलाच विचारलं, "अजून किती पट?" मी आजही ते वचन सांगताना आधी हे सांगतो, की जिथे मारहाण आहे, लहान मुलांना त्रास आहे, तिथे आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांकडे जा, क्षमा तिथे बसूनही करता येते. हे वाचणाऱ्या कोणाचं असं असेल तर कृपया वरचं भावाचं आणि घराचं सगळं स्वतःला लावून घेऊ नका.

आता ते पोटातलं कालवणं. कॉरी टेन बूम बऱ्याच जणांना माहीत असतील, हॉलंडमधल्या घड्याळजीची मुलगी, घरात ज्यू लोकांना लपवलं म्हणून १९४४ साली पकडल्या गेल्या, रावेन्सब्रुकच्या छळछावणीत बहीण बेट्सी गेली. १९४७ साली म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेवर बोलून झाल्यावर तिथलाच एक जुना पहारेकरी हात पुढे करून समोर आला. त्यांनी सांगितलंय की आत काहीच नव्हतं, थंडगार, फक्त प्रभूला म्हटलं की हात मी उचलते, भावना तू दे. ही गोष्ट सगळे सांगतात. पण पुढे त्यांनी हेही सांगितलं की काही ख्रिस्ती मित्रांनी दुखावलं तेव्हा तेच त्यांना पुन्हा पुन्हा रात्री आठवत राहायचं, आणि एका पाळकाने त्यांना चर्चच्या घंटेचं उदाहरण दिलं. दोर सोडला तरी घंटा लगेच थांबत नाही, आणखी काही टोले पडतातच, हळूहळू मंद होत जातात. म्हणजे छावणीतल्या पहारेकऱ्याला हात देणाऱ्या बाईलाही आपल्याच माणसांचं जड गेलं. तुम्हाला भावाचं जड जातंय यात नवल काय? टोला पडला की परत दोर पकडू नका, एवढं बघा. म्हणजे आठवण आली, पोटात कालवलं, तर म्हणा "हे मी सोडलंय" आणि भांडी घासा, चालायला जा, काहीही करा, पण त्या आठवणीशी बसून संवाद लिहू नका की मी असं म्हणायला हवं होतं.

आणि विश्वासाबद्दल एकच. मार्क ९ मध्ये त्या आजारी मुलाचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी नीट विश्वास ठेवून ये असं म्हटलं नाही, पोराला बरं केलं. तुम्ही तेच क्षमेच्या बाबतीत म्हणू शकता, मी सोडलंय, माझं न सोडणं घालवून टाक. तारण हे बायबलमध्ये तीनही काळांत आहे, झालं आहे असं इफिसकरांस २:८ मध्ये, होत आहे असं १ करिंथ १:१८ मध्ये, होईल असं रोमकरांस ५:९ मध्ये. तुमचं जे अर्धवट वाटतंय ते मधल्या काळातलं आहे, देव तिथे काम करतोय.

रविवारी त्या ओळीपाशी आवाज गेला तर जाऊ दे. उठून बाहेर जाऊ नका, ओठ मिटून उभे राहा, शेजारचे म्हणतायत ना. त्या प्रार्थनेत "मी" आणि "माझे" कुठेच नाही, सगळं "आम्ही" आणि "आमचे" आहे. आज ती ओळ दुसऱ्यांनी तुमच्यासाठी म्हटली, पुढे कधीतरी तुम्ही दुसऱ्या कोणासाठी म्हणाल.

भावाशी बोलायचं झालं तर एकटे भेटा, आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांगा, की मी माफ केलंय ते खरं आहे आणि घराचं बोलायचंय तेही खरं आहे. तो चिडेल कदाचित. म्हणेल ही कसली माफी. तेव्हा वाद घालू नका, जक्कयाची गोष्ट पण त्याच्या अंगावर फेकू नका, ती त्याने स्वतः वाचू दे.

पण भावाच्या आधी एक. एवढ्या मोठ्या प्रश्नात तुम्ही आईचा उल्लेख एकदाच केलाय, सहीपुरता. तिला काय सांगून सही घेतली, तिला ते कधी कळलं, ही तीन वर्षं दोन मुलं बोलत नाहीत हे बघत तिने कशी काढली, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. रागात राहून गेलं असेल, मी समजू शकतो. तर या आठवड्यात आधी आईकडे जाऊन बसा, आणि घराचा विषय तिने काढला तरच काढा.